व्ही.पी. सोडवायचे दिवस

आमच्या धंद्यात 'कन्व्हर्जन' नावाचं एक दैवत आहे. ऑनलाईन दुकानात शंभर माणसं शिरली तर त्यातल्या किती जणांनी शेवटी पैसे मोजले, तो आकडा म्हणजे कन्व्हर्जन. हा आकडा नेहमीच केविलवाणा असतो. बहुतेक मंडळी येतात, फोटो बघतात, दोन-चार वस्तू कार्टमधे टाकतात आणि पैसे भरायची वेळ आली की गायब होतात. लक्ष्मी रोडवर पन्नास साड्या उलगडायला लावून "बघू, जरा पुढे जाऊन येतो" म्हणणाऱ्या काकू असतात ना, अगदी तस्सं. फक्त साडीवाल्याला काकूंचा चेहरा तरी दिसतो, आम्हाला नुसते लॉग दिसतात.

या एका आकड्यापायी जगभरातले इंजिनिअर रोज काय काय उद्योग करत असतात! निम्म्या लोकांना हिरवं बटण दाखवायचं, निम्म्यांना केशरी, आणि कुठल्या बटणावर जास्त लोक टिचकी मारतात ते मोजायचं. मीही त्यातलाच एक. चेकआउट पेज हेच माझं पोटापाण्याचं काम. पण गेले काही वीकएंड मी या प्रश्नाचा इतिहास वाचत बसलोय, आणि मजा म्हणजे बटणाचा रंग त्या इतिहासात अगदी शेवटी येतो. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं लोक एकाच साध्या प्रश्नावर अडून बसले होते: पैसे आधी की माल आधी?

आधी अमेरिकेची गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सगळ्यांना अर्धीमुर्धी माहीत असते.

वेबवर दुकान थाटायचं तर पहिली अडचण तांत्रिक होती. वेब सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एका पानावर पुस्तक निवडलंत आणि दुसऱ्या पानावर गेलात, की सर्व्हरच्या दृष्टीनं तुम्ही नवीन माणूस. अशा विसरभोळ्या दुकानदाराकडे टोपली कशी भरायची? १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुलीनं यावर कुकी काढली. आज जाहिरातवाल्यांच्या कृपेनं बदनाम झालेली ही कुकी मुळात खरेदीची टोपली लक्षात ठेवायला जन्माला आलेली आहे. त्याच वर्षी ११ ऑगस्टला नेटमार्केट नावाच्या छोट्या कंपनीनं स्टिंगच्या गाण्यांची एक सीडी १२.४८ डॉलरला (पोस्टेज वेगळं) विकली. कार्डाचा नंबर गुपित भाषेत गुंडाळून नेटवरून गेला. हा व्यवहार इतका नवलाचा होता की दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं त्याची बातमी दिली.

मग १९९५ मधे अ‍ॅमेझॉनचं दुकान उघडलं, आणि सप्टेंबर १९९७ मधे त्यांनी '१-क्लिक' आणलं. पत्ता आणि कार्ड एकदा भरून ठेवा, पुढच्या वेळी एकच बटण दाबा, माल घरी. कल्पना इतकी साधी की आपल्या कोपऱ्यावरचा वाणीही "मांडून ठेवतो हो" म्हणत तेच करत असतो. पण अ‍ॅमेझॉननं त्याचं पेटंट मागितलं, आणि २८ सप्टेंबर १९९९ ला ते मिळालंसुद्धा. संशोधकांच्या यादीत जेफ बेझोसचंही नाव आहे. महिन्याभरात अ‍ॅमेझॉननं बार्न्स अँड नोबलला कोर्टात खेचलं, कारण त्यांच्या साईटवरही 'एक्स्प्रेस लेन' नावाची तशीच सोय होती. १ डिसेंबर १९९९ ला, म्हणजे ऐन नाताळच्या खरेदीत, कोर्टानं मनाई हुकूम दिला. बार्न्स अँड नोबलनं काय करावं? त्यांनी एक जादाचं क्लिक घातलं! ग्राहकाची गैरसोय व्हावी म्हणून मुद्दाम लिहिलेला कोड. असलं काम आलं असतं तर मी कमेंटमधे काय लिहिलं असतं कोण जाणे :)

पुढे फेब्रुवारी २००१ मधे वरच्या कोर्टानं तो हुकूम उठवला, २००२ मधे दोघांची तडजोड झाली. दरम्यान रिचर्ड स्टॉलमननं अ‍ॅमेझॉनवर बहिष्काराची हाक दिली होती, आणि अ‍ॅपलनं सप्टेंबर २००० मधे मुकाट्यानं परवाना विकत घेतला होता. पेटंट अखेर सप्टेंबर २०१७ मधे संपलं. तोवर सगळ्या जगाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: गिऱ्हाईक आळशी असतं, त्याच्या वाटेतली पायरी काढा, ते पैसे देतं.

आमच्या प्रोजेक्टमधे येणारं प्रत्येक प्रेझेंटेशन याच गृहीतकावर उभं असतं. पण मला नेहमी एक शंका यायची. अमेरिकन माणूस एका क्लिकवर पैसे द्यायला तयार झाला, तो आळसामुळे की निर्धास्त असल्यामुळे? उत्तर वेबच्या पंचवीस वर्षं आधीच्या एका कायद्यात आहे. १९७० साली अमेरिकन काँग्रेसनं ठरवून टाकलं की कार्ड चोरीला गेलं, कुणी दुसऱ्यानंच वापरलं, तर कार्डधारकाचं नुकसान जास्तीत जास्त ५० डॉलर. बाकीचं बँकेनं सोसायचं. १९७४ मधे आणखी एक कायदा आला, त्यानुसार माल आलाच नाही किंवा बिल चुकीचं लागलं तर ग्राहक तक्रार करून ती रक्कम रोखून धरू शकतो. म्हणजे अमेरिकेत १९९७ साली जो माणूस पुस्तकाच्या बटणावर टिचकी मारत होता, त्याच्या मागे सत्तावीस वर्षं जुना कायदा पहारा देत उभा होता. क्लिक एकच होतं, पण त्याच्याखालचा पाया बराच खोल होता.

त्याच्याही आधी अमेरिकेत हे सगळं एकदा कागदावर घडून गेलेलं आहे. १८७२ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं शेतकऱ्यांसाठी एक पानी यादी छापली: पैसे पाठवा, माल पाठवतो. पुढच्याच वर्षी शिकागो ट्रिब्यूननं 'हे लोक भामटे आहेत, सावध राहा' अशा अर्थाचं छापलं आणि मग चूक कबूल करून माघार घेतली. १८७५ मधे वॉर्डनं 'पसंत नसेल तर पैसे परत' अशी हमी दिली. १८९० च्या दशकात सीअर्सनं त्याच्यावर कडी केली: पैसे पाठवूच नका, माल बघा आणि मग द्या. ऑर्डरींचा पूर आला, आणि परत येणाऱ्या मालाचाही. हा दुसरा पूर लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. ही मला जास्त आवडते, आणि ही कुठल्याच प्रेझेंटेशनमधे नसते.

१८७७ साली हिंदुस्थानच्या पोस्ट खात्यानं 'व्हॅल्यू पेएबल' नावाची पद्धत सुरू केली. आपण तिला व्ही.पी. म्हणतो. विकणाऱ्यानं पार्सल पोस्टात द्यायचं आणि त्याची किंमत लिहून द्यायची. पोस्टमननं ते पत्त्यावर न्यायचं, घेणाऱ्याकडून किंमत वसूल करायची, आणि ते पैसे पोस्टानंच विकणाऱ्याला पोचते करायचे. घेणाऱ्यानं नकार दिला, की पार्सल आल्या वाटेनं परत. अमेरिकेच्या पोस्टानं हीच सोय सुरू केली १ जुलै १९१३ ला. म्हणजे आपण त्यांच्या छत्तीस वर्षं पुढे होतो! (अर्थात 'आपण' म्हणजे इंग्रज सरकारचं खातं, पण चालवून घ्या.)

या एका पद्धतीभोवती दोन-तीन वर्षांत सगळी यंत्रणा उभी राहिली. १८७९ मधे पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, १८८० मधे मनीऑर्डर. आता चित्र बघा. खानदेशातल्या एखाद्या गावातल्या मास्तरांनी वर्तमानपत्रात पुस्तकाची जाहिरात वाचली. त्यांना फक्त पाव आण्याच्या कार्डावर चार ओळी लिहायच्या होत्या: 'अमुक पुस्तक व्ही.पी.ने पाठवावे.' पुढचं सगळं समोरच्याच्या आणि पोस्टाच्या गळ्यात. कार्ड नाही, बँकेत खातं नाही, विकणारा कोण ते माहीत नाही, तरी ऑर्डर गेली. पाव आण्यात! याला १-क्लिक नाही तर काय म्हणायचं?

मराठी छपाईच्या धंद्यात तर व्ही.पी. इतकी मुरली की तिची स्वतःची भाषा तयार झाली. जुन्या मासिकांची शेवटची पानं चाळून बघा. 'व्ही.पी. खर्च निराळा', 'ऑर्डरीबरोबर थोडी रक्कम आगाऊ पाठवावी', आणि संपादकांची ती हात जोडून केलेली विनंती: कृपया व्ही.पी. परत करून आमचे नुकसान करू नये. ही विनंती का, तर वर्गणी संपली आणि वाचकानं काहीच कळवलं नाही, की बरीच मासिकं पुढचा अंक सरळ व्ही.पी.नं पाठवून द्यायची. वाचकानं सोडवून घेतली, तर वर्गणी चालू. ज्याला आपण आज ऑटो-रिन्युअल म्हणतो ते हेच, फक्त इथे नको असेल तर दारातच नाही म्हणायची सोय होती. आत्ताच्या अ‍ॅपमधून सबस्क्रिप्शन रद्द करायचं बटण शोधताना मला त्या पोस्टमनची फार आठवण येते.

'सोडवणे' हे क्रियापदही बघा ना. व्ही.पी. कधी 'खरेदी' केली जात नाही, ती 'सोडवतात'. गहाण ठेवलेला दागिना सोडवावा तशी. आजी सांगते, आजोबांची पुस्तकांची व्ही.पी. आली की पोस्टमन ओट्यावर बसून राहायचा आणि आत स्वयंपाकघरात डबे उघडले जायचे. "तुझे आजोबा कार्ड टाकून मोकळे व्हायचे रे, पैसे जमवायचं काम माझं," असं ती अजून म्हणते. एकदा आठ दिवस पोस्टात ठेवून घेतलं होतं म्हणे पार्सल, पगार होईपर्यंत. पोस्टमास्तर ओळखीचे होते.

आजीच्या या गोष्टीत व्ही.पी.चं सगळं मर्म आहे असं मला वाटतं. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघंही पोस्टाला ओळखत होते. दुकानदार मुंबईचा असो की कलकत्त्याचा, वसुली करणारा माणूस गावातला होता.

आणि आता जरा कायद्याची गंमत. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात व्ही.पी.ला स्वतंत्र कलमं आहेत (हा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला). कलम ३४ म्हणतं, घेणाऱ्याकडून प्रत्यक्ष पैसे मिळेपर्यंत सरकार विकणाऱ्याचं काहीही देणं लागत नाही. आणि ३५ व्या कलमात सरकारला असा नियम करायची मुभा दिलीय की खरोखरची ऑर्डर आली आहे म्हणूनच पार्सल पाठवतोय असं पाठवणाऱ्यानं जाहीर केलं पाहिजे. शिवाय फसवणूक झाली असेल तर वसूल केलेले पैसे अडवून घेणाऱ्याला परत करायची तरतूद. हे वाचून मी खुर्चीतच सरसावून बसलो. कायद्याला हे लिहावं लागलं याचा अर्थ उघड आहे: न मागवलेली पार्सलं लोकांच्या गळ्यात मारणारे तेव्हाही होते. व्ही.पी.त एक मोठं भोक होतंच. पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे. आत घड्याळ निघेल की वीट, हे पैसे दिल्यावरच कळायचं. धोका पुस्तकाच्या किमतीवरून कमी झाला नव्हता, फक्त चोर कोण हे कळायची वेळ दारापर्यंत पुढे ढकलली गेली होती.

व्ही.पी.त पोस्ट नक्की कुणाचा माणूस, हा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रतलामच्या एका अत्तरवाल्याच्या आयकराचं प्रकरण होतं, निकाल १९५९ चा. कोर्टानं सांगितलं की व्ही.पी.चे पैसे गोळा करताना पोस्ट हे विकणाऱ्याचं एजंट असतं. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला आपला समजून ओट्यावर बसवत होतं, तो कायद्यानं दुकानदाराचा माणूस! असो.

आता उडी मारून वेबवर येऊ.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. १९९९ मधे बंगलोरला फॅबमार्ट निघालं, थोड्याच दिवसांत बाझी डॉट कॉम आलं, ते २००४ मधे ईबेनं विकत घेतलं. या सगळ्यांनी धडपड केली, पण गर्दी काही जमेना. कनेक्शन डायल-अप, क्रेडिट कार्ड मोजक्या लोकांकडे, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांनाही त्याचा नंबर अनोळखी साईटवर टाकायची छाती होईना. आमच्या बाबांच्या पिढीतली माणसं कार्डाचा नंबर टाईप करताना अजूनही खिडकी बंद करतात.

माझ्या मते या काळात भारतीय माणसाला ऑनलाईन पैसे भरायला शिकवलं ते कुठल्याही दुकानानं नाही, रेल्वेनं. ३ ऑगस्ट २००२ ला आयआरसीटीसीवर तिकीट मिळायला लागलं. सुरुवातीला तर तुम्ही नेटवर पैसे भरायचे आणि कागदी तिकीट कुरियरनं घरी यायचं, घरबसल्या छापायचं ई-तिकीट २००५ मधे आलं. त्या साईटचा चेकआउट बघून कुठल्याही सल्लागाराला चक्कर येईल. पण लोक रडतखडत शेवटपर्यंत जायचे, कारण विकणारा सरकार होतं, ते गाशा गुंडाळून पळून जाणार नव्हतं, आणि तिकीट तर हवंच होतं. आळस, पायऱ्या, बटणाचा रंग, सगळ्या सिद्धांतांना आयआरसीटीसीनं तत्काळच्या रांगेत उभं केलंय.

मग १ ऑगस्ट २००९ उजाडला. रिझर्व्ह बँकेनं हुकूम काढला की कार्डानं ऑनलाईन पैसे द्यायचे तर कार्डावर छापलेल्या नंबरांखेरीज आणखी एक खूण पटवावी लागेल. आधी पासवर्ड होता, पुढे ओटीपी सर्रास झाला. जग पायऱ्या कमी करत होतं आणि आपल्याकडे सक्तीनं एक पायरी वाढली. अ‍ॅमेझॉननं ज्या एका क्लिकसाठी कोर्टकचेऱ्या केल्या, ते आपल्याकडच्या कार्डावर त्या वेळी चालवताच आलं नसतं. आणि ही पायरी पण कशी! बँकेचं पान उघडायला वेळ, कनेक्शन मधेच तुटणार, पैसे कापले गेले आणि ऑर्डर झालीच नाही हा तर ठरलेला प्रकार.

आमच्या क्षेत्रातले बरेच लोक या नियमाला अजून नावं ठेवतात. मला ते तितकंसं पटत नाही. अमेरिकेत कार्ड चोरीला गेलं तर नुकसान बँकेचं, हे १९७० मधे ठरलं. आपल्याकडे 'ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं वेळेत कळवलं तर त्याच्यावर बोजा नाही' अशी स्पष्ट चौकट रिझर्व्ह बँकेनं घातली ६ जुलै २०१७ ला. मधली सत्तेचाळीस वर्षं मोजा. ज्या देशात नुकसान ग्राहकाच्याच अंगावर पडणार, तिथे दाराला आणखी एक कडी लावणं हा शहाणपणाच होता. फक्त कडी लावल्यावर गिऱ्हाईक दारापर्यंत येईना, ही दुकानदारांची अडचण राहिली.

ही अडचण सोडवली फ्लिपकार्टनं. २००७ मधे बंगलोरला सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली, दोघंही आधी अ‍ॅमेझॉनमधे होते. म्हणजे १-क्लिकच्या माहेरचीच मंडळी. पण २०१० मधे त्यांनी जे आणलं ते अमेरिकेतून उचललेलं नव्हतं: कॅश ऑन डिलिव्हरी. माल दारात येऊ द्या, मग रोख द्या. सगळ्यांनी याला नवी कल्पना म्हणून डोक्यावर घेतलं. अहो, व्ही.पी.च ती! फक्त पोस्टमनच्या जागी पाठीवर काळी बॅग घेतलेला बाईकवाला मुलगा. बाकीच्यांनी पटापट नक्कल केली. रोखीला जगभर नाक मुरडणाऱ्या उबरलाही मे २०१५ मधे हैदराबादला रोख पैसे घ्यायला सुरुवात करावी लागली.

कॅश ऑन डिलिव्हरी बाहेरून दिसते तितकी साधी नाही, हे आत काम केल्याशिवाय कळत नाही. त्या मुलानं दिवसभर गोळा केलेली रोकड संध्याकाळी हबवर मोजायची, प्रत्येक नोट कुठल्या ऑर्डरची ते जुळवायचं, मग ती बँकेत, मग कुरियर कंपनीकडून विकणाऱ्याकडे. यात दिवस जातात, तोवर विकणाऱ्याचं भांडवल अडकलेलं. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे परत येणारं पार्सल. आमच्या भाषेत आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन. (आरटीओ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे ऑफिस येतं त्याचा संबंध नाही, पण वैताग साधारण तेवढाच.) घरी कोणी नव्हतं, मन बदललं, दुसरीकडे स्वस्त मिळालं, नुसती गंमत म्हणून मागवलं होतं, कारणं हजार. जायचं भाडंही विकणाऱ्याचं, यायचंही त्याचंच. सीअर्सचा तो दुसरा पूर तो हाच, आणि संपादकमहाशयांची हात जोडलेली विनंतीही हीच.

म्हणजे कन्व्हर्जनचा आकडा फुगला, पण त्यातला बराच भाग कच्चा. बटण दाबलं याचा अर्थ पैसे देईन असा नव्हताच मुळी, 'आणून तर दाखवा' असा होता. ऑर्डर झाली की आम्ही इकडे डॅशबोर्डवर टाळ्या वाजवतो, पण खरी विक्री होते तीन दिवसांनी, कुठल्यातरी जिन्यात.

यावर कंपन्यांनी काय काय उपाय केले? काहींनी कॅश ऑन डिलिव्हरीवर वेगळा आकार लावला. काही पिनकोडना ती बंदच करून टाकली. आणि आता हे काम मशिनकडे आलंय: कुणाला हा पर्याय दाखवायचा आणि कुणापासून लपवायचा, हे ग्राहकाचा पत्ता, फोन, जुन्या ऑर्डरी बघून ठरतं. सध्या आमच्या टीमकडे नेमकं हेच काम आहे. एका क्लायंटला असं मॉडेल हवंय. गणित अवघड नाही, डेटाही भरपूर आहे. पण डेटा उघडून बघितला की पहिल्या तासातच कळतं, मॉडेलनं माणसाचा विचार सुरू करायच्या आधी गावाचा विचार संपवलेला असतो. पत्ता लांब, घरनंबर नाही, 'मारुतीच्या देवळामागे' एवढाच पत्ता, पहिलीच ऑर्डर, की गुण कमी. आणि नेमकी याच माणसाला कॅश ऑन डिलिव्हरीची गरज सगळ्यात जास्त, कारण ही त्याची पहिलीच ऑर्डर आहे आणि तो आपल्याला ओळखत नाही. शहरातल्या, कार्डवाल्या, दहा वेळा फुकट परत पाठवणाऱ्या बाप्याला मात्र पर्याय हिरवागार दिसतो. १८७७ च्या पोस्टानं मास्तरांचं कार्ड नेताना गाव बघितलं नव्हतं. आता मागच्या आठवड्यात मी टीमपुढे जुन्या मासिकांचाच तोडगा मांडलाय: पर्याय लपवायच्या ऐवजी अशा ऑर्डरीला थोडी रक्कम आगाऊ मागा, बाकी दारात. ज्याला खरंच हवंय तो देईल. आमच्या मॅनेजरनं "इंटरेस्टिंग" म्हटलंय. आयटीत या शब्दाचा अर्थ काय होतो ते वाचकांना सांगायला नको. पण दोन पिनकोडांवर करून बघायला परवानगी मिळालीय, तेही काही कमी नाही.

सोप्या वाटेचं आकर्षण किती असतं ते मी रोज बघतो. विश्वास कमवायला वर्षं लागतात, आणि 'फक्त २ शिल्लक!' असं लाल अक्षरात लिहायला पाच मिनिटं. आपोआप टोपलीत येऊन बसलेला विमा, शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं नकाराचं बटण. हे प्रकार इतके वाढले की ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं असल्या तेरा युक्त्यांची यादी करून त्यांच्यावर बंदी घातली. न मागवलेलं पार्सल पाठवू नका हे १८९८ च्या कायद्यानं सांगितलं होतं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकू नका हे २०२३ च्या नियमांनी.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली तेव्हा दुसऱ्या दिवसापासून बऱ्याच साईटनी दारातली रोख तात्पुरती बंद किंवा मर्यादित केली होती. त्याच वर्षी एप्रिलमधे यूपीआय सुरू झालं होतं. तेव्हा अनेकांनी लिहिलं, आता कॅश ऑन डिलिव्हरी संपणार. रोख खरंच बरीच कमी झाली, आमच्या सोसायटीत तर सुट्ट्यांवरून होणारी भांडणं बंदच झाली. पण 'ऑन डिलिव्हरी' काही जाईना. परवा शेजारच्या देशपांडे काकांकडे मिक्सरचं भांडं आलं होतं. फोनवर यूपीआय आहे, पेन्शन त्याच खात्यात येते, भाजीवाल्याला रोज स्कॅन करून पैसे देतात. तरी ऑर्डर करताना दारातच पैसे देण्याचा पर्याय निवडला होता. त्यांनी खोका हातात घेतला, कानाशी नेऊन दोनदा हलवून बघितला, चष्मा लावून पत्ता वाचला, आणि मग त्या मुलाला म्हणाले, "हं, दाखवा आता तुमचा तो क्यूआर."